कितव्या पानावर थांबलात?

आमच्या वाचनालयात एक मागणीवही आहे. काउंटरच्या डाव्या कडेला असते, दोऱ्याने पेन बांधलेली. हवं असलेलं पुस्तक आमच्याकडे नसेल तर वाचकाने त्यात नाव लिहायचं आणि निवड समितीच्या बैठकीला मी ती वही घेऊन जायची, ही पद्धत माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी घालून दिली होती. 2004च्या पावसाळ्यानंतर त्या वहीत एकाच तऱ्हेच्या नोंदी वाढत गेल्या. ‘हॅरी पॉटरसारखं काहीतरी’, ‘जादूचं, पण मोठं’, ‘पॉटरचा पुढचा भाग कधी?’ पाचवा भाग 2003च्या जूनमध्ये येऊन गेला होता, सहावा यायला 2005चा जुलै उजाडायचा होता. मधली दोन वर्षं ती मुलं उपाशीच होती. आहेत ती पुस्तकं चार-चारदा नेऊन त्यांनी त्यांची शिवण उसवली होती. दोन प्रती मी स्वतः बाइंडिंगला दिल्या.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं आमचं वाचनालय. 1967च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारं, ‘ब’ वर्गातलं. अनुदान हप्त्यांनी येतं आणि ते हातात पडेपर्यंत खर्चाच्या वाटा ठरून गेलेल्या असतात: वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, विजेचं बिल, कपाटांची डागडुजी. इंग्रजी पुस्तकांसाठी दोन कपाटं. त्यातलं निम्मं कपाट कोणी ना कोणी दान दिलेल्या जुन्या पुस्तकांनी भरलेलं. नवीन इंग्रजी कादंबरी घ्यायची म्हणजे बैठकीत तिची बाजू मांडावी लागे, कारण तेवढ्या पैशात तीन-चार मराठी कादंबऱ्या येत.

त्याच सुमारास वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधून एका नव्या कादंबरीचा गाजावाजा सुरू झाला. सुझॅना क्लार्क या ब्रिटिश लेखिकेची पहिलीच कादंबरी, ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’. सप्टेंबर 2004मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रकाशक ब्लूम्सबरी, म्हणजे ब्रिटनमध्ये हॅरी पॉटर छापणारेच. लेखिका पाकक्रियेच्या पुस्तकांचं संपादन करून पोट भरायची आणि उरलेल्या वेळात लिहायची, असं दहा वर्षं चाललं होतं, हे वाचून मला ती फार जवळची वाटली. बुकर पारितोषिकाच्या लांब यादीत नाव आलेलं. आणि सगळीकडे एकच शब्दप्रयोग: मोठ्यांसाठीचा हॅरी पॉटर.

माझ्या वहीतल्या नोंदींचं उत्तर मिळालं असं मला वाटलं. बैठकीत मी उत्साहाने बोलले. समितीत एक निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळं गाव त्यांना सरच म्हणायचं. त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही वाचलंय का हे?” मी म्हटलं, “नाही सर, पण सगळीकडे चांगलंच लिहून आलंय.” ते काही बोलले नाहीत. ठराव झाला, पुण्याला अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्याकडे मागणी गेली आणि जानेवारीत पुस्तक आलं. जवळपास आठशे पानं. दाखल नोंदवहीत क्रमांक टाकला, शिक्के मारले, मागच्या पानावर तारखेची चिठ्ठी चिकटवली, प्लास्टिकचं वेष्टन घातलं. इतकं जाड पुस्तक होतं की वेष्टनाला दीडपट कागद लागला.

पहिला नंबर मी अकरावी सायन्सच्या एका मुलीला दिला. आठवीत असल्यापासून ती यायची, आजीला पोथ्या आणि कथासंग्रह न्यायची आणि स्वतःला मिळेल ते. पॉटरचे पाचही भाग तिने चारदा वाचले होते. तिच्या हातात पुस्तक देताना मी म्हटलं, “तुझ्यासाठीच मागवलंय बघ.” हे वाक्य मला पुढे खूप दिवस सलत राहिलं.

पंधरा दिवसांची मुदत तिने दोनदा वाढवून घेतली. तिसऱ्यांदा आली ती पुस्तक परत करायला. वाचून झालं का विचारलं तर मान खाली. मग म्हणाली, “मॅडम, माझं इंग्रजी कमी पडतंय बहुतेक. एवढं चांगलं पुस्तक आहे म्हणतात सगळे, मला कळतच नाही. सॉरी.” मी काहीतरी बोलले, बारावीनंतर पुन्हा वाच वगैरे. म्हणजे तिच्या म्हणण्याला मी हो म्हटलं. त्यानंतर चार-पाच महिने ती आलीच नाही. आजीची पुस्तकं बदलायला तिचा भाऊ यायचा.

पुस्तक पुढे फिरत राहिलं. एक बँकेतले अधिकारी, एक औषध कंपनीचा प्रतिनिधी, इंजिनियरिंगला असलेले दोघे मित्र, कॉन्व्हेंटच्या एक बाई. परत आलेलं पुस्तक कपाटात ठेवण्याआधी चाळून बघायची मला सवय आहे, कारण लोक आत काय काय विसरतात. या पुस्तकात मला एसटीचं तिकीट सापडलं, मेडिकलचं बिल सापडलं, लग्नपत्रिकेचा कापलेला कोपरा सापडला. एकही खूण दोनशे पानांपलीकडची नव्हती. परत करताना मात्र सगळे म्हणत होते, छान आहे, सवडीने पुन्हा नेतो. बँकेतल्या साहेबांनी तर हेही सांगितलं की आपलं वाचन आता पहिल्यासारखं राहिलं नाही. इतक्या निरनिराळ्या माणसांनी एकाच पुस्तकापायी आपल्यातच खोट काढावी, हे मला खटकलं. तेव्हा ठरवलं की आता हे आपण वाचायचं, शेवटच्या पानापर्यंत.

2005चा पावसाळा. संध्याकाळचं भारनियमन जोरात होतं. स्वयंपाक उरकला की चार्जिंगच्या दिव्यापाशी मी बसायची, रोज वीस पानं. भाषा जुन्या वळणाची, जेन ऑस्टिनच्या काळातली आणि तिच्यासारखीच बारीक चिमटे काढणारी. गोष्ट सुरू होते 1806च्या शरदात, यॉर्क शहरात. इंग्लंडमध्ये एके काळी जादू होती, आता उरली आहेत ती जादूवर निबंध वाचणारी सभ्य माणसं. प्रत्यक्ष जादू करणारा एकच, मिस्टर नॉरेल. एकलकोंडा, संशयी, जादूची सगळी जुनी पुस्तकं विकत घेऊन स्वतःच्या घरात कोंडून ठेवणारा. ग्रंथपालाला असा माणूस पहिल्या भेटीतच नावडतो. पण लेखिकेने त्याला इतक्या बारकाईने उभा केला आहे की मी वाचत राहिले.

तिसऱ्या प्रकरणात यॉर्कच्या कॅथेड्रलमधले दगड बोलू लागतात. थंडीच्या दिवसांत, अंधुक उजेडात, शेकडो वर्षं मुकाट उभ्या असलेल्या मूर्ती एकदम आपापलं सांगू लागतात, आणि त्यांतली एक छोटी मूर्ती फार पूर्वी त्याच जागी झालेल्या एका मुलीच्या खुनाबद्दल बोलते. कोणी ऐकायलाच नव्हतं इतकी वर्षं. मी पुस्तक मिटून अंधारात बसून राहिले. एवढं सुंदर काही वाचून मला कित्येक महिने झाले होते. मनात आलं, आपणच अधीर, वाचक अधीर, पुस्तक उत्तम आहे.

त्यानंतर नॉरेल लंडनला जातो आणि पुस्तक दिवाणखान्यात जाऊन बसतं. कोणी कोणाला जेवायला बोलावलं, कोणत्या मंत्र्याने भेट नाकारली, जादूवरच्या नियतकालिकाचा संपादक कोण होणार. पानामागून पान. खाली बारीक टाइपात तळटीपा, पूर्ण पुस्तकात जवळजवळ दोनशे, काही दोन-दोन पानं व्यापणाऱ्या. ज्याचं नाव पुस्तकाच्या शीर्षकात पहिलं आहे तो जोनाथन स्ट्रेंज, त्याच्या वाट्याला पहिल्या खंडात थोडी प्रकरणं येतात आणि तो नॉरेलच्या दारात उभा राहतो तेव्हा दोनशे पानं उलटलेली असतात. माझ्या वाचकांच्या खुणा नेमक्या इथे संपत होत्या. ते दारापर्यंत पोचून परत फिरले होते.

तळटीपांबद्दल मात्र कृतज्ञतेने लिहिलं पाहिजे. त्यांतल्या कितीतरी टीपा म्हणजे स्वतंत्र लोककथा आहेत. परीलोकात अडकलेली माणसं, फसलेले सौदे, उत्तरेकडच्या रेव्हन किंगच्या दंतकथा. मला वाटतं लेखिकेचा खरा जीव तिथे होता. दगड बोलतात त्या प्रसंगानंतर पुन्हा तसा शहारा आला तो मुख्य कथेत क्वचित आणि तळटीपांत वारंवार. पण दिवसभर दमून आलेल्या माणसाने पानाच्या तळाशी उतरून गोष्ट शोधायची आणि पुन्हा वर येऊन सोडलेलं वाक्य पकडायचं, हे किती दिवस जमावं?

तरीही संथपणा हे माझ्या निराशेचं कारण नाही. आमच्या वाचनालयात ‘मृत्युंजय’च्या तीन प्रती आहेत आणि तिन्ही कायम बाहेर असतात. 1967 सालची कादंबरी, अशीच जाडजूड, शेवट काय होणार हे महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तरी ती अर्धी टाकून परत केलेली माझ्या पाहण्यात नाही. शिवाजी सावंतांनी तिथे सहा जणांना बोलतं केलं: कर्ण स्वतः, कुंती, वृषाली, शोण, दुर्योधन आणि कृष्ण. कुंती आपल्या तोंडाने आपलं सांगते. वाचक तिच्याजवळ बसतो आणि मग कितीही वेळ लागो, त्याची तक्रार नसते.

क्लार्कबाईंच्या कादंबरीत अशीच एक बाई आहे. एका मंत्र्याची वाग्दत्त वधू लग्नाआधीच मरण पावते. त्या मंत्र्याची मर्जी हवी म्हणून नॉरेल तिला जिवंत करतो, आणि त्यासाठी ज्या परीपुरुषाची मदत घेतो त्याच्याशी सौदा करतो की तिचं निम्मं आयुष्य त्या परीपुरुषाचं. तिला विचारलंच जात नाही. पुढे ती लेडी पोल होते. दिवसा नवऱ्याच्या घरी, आणि रोज रात्री त्या परीपुरुषाच्या पडक्या महालात नाचायला. वर्षानुवर्षं. सकाळी उठते ती थकलेली, विझलेली. आणि कोणाला सांगू म्हटलं तर तोंडातून भलत्याच, असंबद्ध गोष्टी बाहेर पडतात, कारण तिच्या बोलण्यावर मंत्र घातलेला आहे. घरचे म्हणतात, आजारी आहे. तिच्या नवऱ्याचा बटलर स्टीफन ब्लॅक, गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या आईच्या पोटी जहाजावर जन्मलेला माणूस, तोही त्याच नाचात ओढला गेला आहे. ते दोघं एकमेकांचं दुःख जाणतात आणि बाहेर कोणाला सांगू शकत नाहीत.

हे वाचलं आणि मी दिवा जवळ ओढला. आता कादंबरी सुरू झाली असं वाटलं. तर कादंबरी तिला तिथेच सोडून निघून जाते. स्ट्रेंज वेलिंग्टनच्या फौजेबरोबर स्पेन-पोर्तुगालात जाऊन सैन्यासाठी जादूचे रस्ते बांधतो, नॉरेल आणि त्याच्यात वाद होतात, परीक्षणं लिहिली जातात, आणि शेकडो पानं ही बाई रोज रात्री नाचत असते. अधूनमधून तिची खबर येते, तीही बाहेरून. एकदा ती हातात पिस्तूल घेऊन नॉरेलवर गोळी झाडते तेव्हा मी उभी राहून वाचलं. पण गोळी दुसऱ्यालाच लागते आणि तिला यॉर्कशरमधल्या एका घरात देखरेखीखाली ठेवलं जातं.

लेखिकेने हे जाणूनबुजून केलं असेल. ज्या समाजात बाईचं म्हणणं कोणी ऐकत नाही त्या समाजाचं चित्र काढायचं तर तिला मुकी ठेवणं हा मार्ग आहे, हे मला समजतं. त्याबद्दल लेखिकेचं कौतुक करणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं मी गंभीरपणे घेते. तरी माझं मत असं झालं की कादंबरीनेही तिच्या घरच्यांसारखंच केलं. तिला बाजूच्या खोलीत ठेवलं आणि दिवाणखान्यात दोन पुरुषांच्या भांडणाकडे लक्ष दिलं. ती भांडणं हुशारीने लिहिलेली आहेत. पण ज्याच्या जिवाला सगळ्यात मोठी जखम झाली आहे त्याच्यापासून वाचकाला इतका वेळ दूर ठेवलं, तर वाचकाचं मन लागत नाही. त्याला तो आपला आळस समजतो. चाळीसेक रात्री लागल्या मला ते पुस्तक संपवायला, शेवट चांगला आहे, आणि तरी शेवटचं पान मिटताना मी दुखावलेली होते.

बैठकीत हे सांगितलं तेव्हा एक सदस्य म्हणाले, आपल्या लोकांना अद्भुत पचतच नाही, मराठी माणूस वास्तववादी. हे मला अजिबात पटलं नाही. मराठी कादंबरीचं पाऊलच अद्भुतात पडलेलं आहे. हळब्यांची ‘मुक्तामाला’ 1861ची. नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ची पानं आमच्या जुन्या वाचकांनी झिजवून टाकली. ‘चांदोबा’चा अंक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोणाच्या हाती पडतो यावरून आमच्या बालविभागात भांडणं व्हायची. अद्भुताची भूक आमच्या वाचकांना नव्हती असं म्हणायला मागणीवहीतलं एक पानही साक्ष देणार नाही. सर मात्र वेगळंच बोलले. “बाई, पुस्तक आणलंत ते ठीकच. पण न वाचता ‘हे चांगलं आहे’ म्हणून दिलंत. मुलगी तुमच्यावर विश्वास ठेवून घेऊन गेली.” आवाज त्यांनी चढवला नव्हता. मला उत्तर सुचलं नाही, कारण उत्तर नव्हतंच.

गणपतीच्या आसपास ती मुलगी आली. आजी आजारी होती, तिच्यासाठी मोठ्या अक्षरांचं काहीतरी हवं होतं. मी तिला बसवून घेतलं. म्हटलं, “अगं, ते पुस्तक मी पूर्ण वाचलं. मलाही कंटाळा आला. तुझं इंग्रजी काही कमी नाही.” ती बघतच राहिली. मग विचारलं, “तू कितव्या पानावर थांबलीस?” पान तिला आठवत नव्हतं, पण जागा पक्की आठवत होती. “मॅडम, ती जिवंत केलेली बाई रोज थकून उठायला लागते ना, तिथपर्यंत वाचलं. नंतर किती पानं उलटली, तिचं काही येतच नाही. मला वाटलं मला समजलं नाही. तिचं पुढे काय होतं एवढं सांगा.”

दुपारची वेळ होती, वाचनकक्षात दोघे म्हातारे पेपर वाचत बसले होते. मी तिला लेडी पोलची गोष्ट सांगितली. फक्त तिची, आणि तिच्याबरोबर स्टीफनची. रोजचा नाच, न फुटणारे शब्द, पिस्तूल, यॉर्कशरचं घर. मग मंत्र सुटतो तो दिवस, जेव्हा ती पहिल्यांदा स्पष्ट बोलते आणि तिच्या बोलण्यात आभार नसतात, राग असतो. आणि स्टीफन त्या परीपुरुषाचा अंत करून त्याच महालाचा राजा होतो ते. अर्धा तास लागला असेल. पेपर वाचणाऱ्यांपैकी एकाने पेपर खाली ठेवला होता. मुलगी म्हणाली, “हे तर भारी आहे. असं का नाही लिहिलं?” त्या प्रश्नाचं उत्तर देणं माझं काम नव्हतं. पण तिने तो प्रश्न पुस्तकाला विचारला, स्वतःला विचारला नाही, याने माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. जाताना ती आजीसाठी एक आणि स्वतःसाठी दोन पुस्तकं घेऊन गेली.

त्या वर्षी त्या कादंबरीला ह्यूगो पुरस्कार मिळाला, वर्ल्ड फँटसी पुरस्कारही मिळाला. बातमी मी सूचना फलकावर लावली. पुस्तकाबद्दल माझं मत काहीही असो, आमच्या कपाटात पुरस्कारप्राप्त पुस्तक आहे हे वाचकांना कळायला हवं. फक्त आता कोणी ते मागितलं की मी सांगते: सुरुवात संथ आहे, तळटीपा सोडू नका, मन लागलं नाही तर परत आणा, तुमच्यात काही कमी आहे असं समजू नका. हे ऐकून नेलेल्यांपैकी दोघांनी ते पूर्ण वाचलं आणि त्यांतल्या एकाला ते मनापासून आवडलं. आम्ही त्यावर खूप बोललो. त्याला नॉरेल आवडला होता.

लेखिकेची दुसरी कादंबरी यायला सोळा वर्षं लागली. मधला बराच काळ त्या दीर्घ आजाराने खिळलेल्या होत्या. ‘पिरानेसी’ 2020मध्ये आली आणि पुढच्या वर्षी तिला विमेन्स प्राइझ फॉर फिक्शन मिळालं. या वेळी मी आधी स्वतःच्या पैशाने प्रत घेतली आणि वाचली. पहिल्या पुस्तकाच्या मानाने लहानशीच. अंतहीन दालनांचं एक घर, दालनांत पुतळे, खालच्या मजल्यांवर भरती-ओहोटी, आणि तिथे जवळजवळ एकटा राहणारा एक माणूस, जो आपली रोजनिशी लिहितो. तो मासे पकडतो, पुतळ्यांची नोंद ठेवतो, भरतीच्या वेळा मोजतो. घाई तिथेही नाही. पण पहिल्या ओळीपासून तो माणूस स्वतः आपल्याशी बोलत असतो, आणि आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळायला लागतं तेव्हा त्याच्यासाठी जीव तुटतो. दोन रात्रींत वाचून झालं. तिसऱ्या दिवशी मी ती प्रत वाचनालयाला देऊन टाकली.

2005च्या त्या दिवसापासून मागणीवहीच्या शेजारी मी दुसरी एक वही ठेवली आहे. तिला नाव नाही. अर्धं सोडून परत आलेल्या पुस्तकाची त्यात नोंद होते: दाखल क्रमांक, पान, आणि वाचकाने सांगितलं तर कारण. वाचकाचं नाव लिहीत नाही. समितीच्या बैठकीला आता दोन्ही वह्या जातात. सर असेपर्यंत ते दुसरी वही आधी उघडायचे. तेव्हा आमच्याच काय, कुठल्याही वाचनालयात पुस्तक अर्धं वाचून परत करत असाल, तर ‘छान आहे, सवडीने पुन्हा नेतो’ म्हणू नका. कितव्या पानावर थांबलात ते काउंटरवर सांगा.